शिळं पाणी

सातव्या गल्लीतली पोरं विसरायला लागली होती. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते बालवर्गाच्या शिक्षिकेच्या. काल पाठ झालेलं गाणं आज येत नाही, गेल्या महिन्यात ओळखलेला रंग आज सांगता येत नाही. पोटं सारखी दुखायची, चेहरे फिके पडले होते, आणि चार-पाच जण तर असे चिडके झाले होते की नुसता हात लावला तरी भोकाड पसरायचे. पालकांनी मोबाइलला दोष दिला. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. शेवटी शिक्षिकेने पाणीखात्याला पत्र लिहिलं: गल्लीतलं पाणी तपासा, घरंही आतून तपासा, मला वाटतं कुठेतरी पाणी मुरतंय. ही शेवटची ओळ वाचून खात्यातले लोक दिवसभर हसत होते. मुरत असेल तर पत्र गळती विभागाकडे पाठवा म्हणाले.

पत्र फिरत फिरत आलं नमुनेवाल्या बाईंकडे. अकरा वर्षं घरोघरी जाऊन पाण्याचे नमुने गोळा करायचे हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. त्यातली थट्टा त्यांना कळत होती. कळूनही त्यांनी ते अंगाला लावून घेतलं नव्हतं, कारण खात्यात त्यांच्या कामावर बोट ठेवायला कोणाला जागा नव्हती. साहेब बदलले, प्रयोगशाळेतली यंत्रं बदलली, बाईंची पद्धत तसूभरही बदलली नाही. नळाचं तोंड स्पिरिटने पुसायचं. नळ पूर्ण सोडायचा. मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटं मोजायची. मगच बाटली भरायची. पहिलं पाणी शिळं, असं त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या निरीक्षकाने सांगितलं होतं. ते रात्रभर नळात उभं असतं, ते नळाचं पाणी. आपल्याला खात्याचं तपासायचंय. नवीन माणसं कंटाळून पाऊण मिनिटात बाटली भरत. बाई कधीही नाही. नमुना पास झाला की त्या नळावर एक हिरवी चिठ्ठी चिकटवत: पिण्यास योग्य. खाली सही.

पत्र वाचून बाई हसल्या नाहीत. त्यांची धाकटी बहीण सातव्या गल्लीत राहत होती.

दोन वर्षांपूर्वी घर घेताना धाकटीने एकच प्रश्न विचारला होता. "ताई, बाकी सगळं मी बघते, तू फक्त पाणी कसं आहे ते सांग." बाईंनी स्वतः जाऊन नमुना घेतला होता, तपासून आणला होता आणि म्हणाल्या होत्या, "बिनधास्त घे." तेव्हा धाकटीची मुलगी कडेवर होती. पुढे ती इतकी लवकर आणि इतकं बोलायला लागली, की सगळे तिला मिठू म्हणायला लागले. मावशी आली की दारातच ओरडायची, "पामावशी!" म्हणजे पाणीमावशी. गेल्या सहा महिन्यांत मिठू गप्प होत चालली होती. शब्द एकेक करून गळत होते. आता ती बोटाने दाखवायची, आणि दाखवूनही कोणाला कळलं नाही की डोकं भिंतीवर आपटायची. मुलं अशीच असतात, एखादं उशिरा बोलतं, असं धाकटीची सासू म्हणायची. पण ही उशिरा बोलणारी नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. 

तपासणी सुरू झाली. बाईंच्या हातात चार पानी फॉर्म होता आणि त्यातला प्रत्येक प्रश्न त्या विचारत. भिंतीचा रंग सोलतो का? झुरळांची पावडर कुठे ठेवता? (एका घरी ती साखरेच्या डब्याशेजारी होती, तशाच डब्यात. बाईंनी तिथे चांगला अर्धा तास घर डोक्यावर घेतलं.) रॉकेल कशात? घरात कोणी बॅटऱ्या उघडतं का, धूर बाहेर जातो का, भिंतीला ओल आहे का? आठव्या घरात खिडकीच्या चौकटीचा रंग पोपडे धरून सुटला होता आणि तिथलं पोर ते पोपडे चघळत बसलं होतं. बाईंना वाटलं, सापडलं. पण पुढच्या दहा घरांचा रंग ठीक होता आणि पोरं तशीच फिकी होती. चाळीस नमुने प्रयोगशाळेत गेले. चाळीसही पास झाले. जंतू नाहीत, शिसं नाही, काही नाही. चाळीस हिरव्या चिठ्ठ्या लागल्या, आणि बाईंना प्रत्येक चिठ्ठी लावताना का कोण जाणे, हात जड वाटला.

एकोणिसाव्या घरात दुसऱ्या फेरीला गेल्या तेव्हा ओट्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. गल्लीतले सगळे ज्यांना नळकाका म्हणतात ते म्हातारे प्लंबर आत उताणे पडून पाइप बदलत होते.

"या बाई," ते आतूनच म्हणाले. "तुम्ही वर चिठ्ठी लावा, मी खाली चिंधी बांधतो."

बाईंना हसू आलं. काकांनी किल्लीने जुन्या पाइपावर एक ओरखडा काढला. करड्या पाइपावर चकचकीत रेघ उमटली.

"लोणी कापावं तसं कापलं जातं बघा. चुंबकही धरत नाही. शिसं आहे हे. रस्त्यापासून घरापर्यंतचा तुकडा अख्ख्या गल्लीत हाच आहे, माझ्या गुरूच्या हातचा."

"असेल. पण पाण्यात शिसं नाही. चाळीस नमुने तपासलेत मी."

"कसे घेतलेत?"

बाईंनी करून दाखवलं. पुसलं, नळ सोडला, घड्याळ बघितलं. काका ओट्याखालून बाहेर येऊन, गुडघ्यावर हात ठेवून ते पाणी मोरीत जाताना बघत राहिले. दोन मिनिटं झाली आणि बाईंनी बाटली पुढे धरली, तेव्हा ते म्हणाले,

"बाई, रात्रभर शिशात मुरलेलं पाणी तुम्ही मोरीत सोडता, आणि रस्त्यावरचं ताजं पाणी बाटलीत भरता. लोक काय घड्याळ लावून पाणी पितात?"

मुरलेलं. बाईंना शिक्षिकेच्या पत्रातली ती ओळ आठवली, जिच्यावर सगळं खातं हसलं होतं. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. अकरा वर्षं आपण नेमकं जे पाणी तपासायचं तेच ओतून देत आलो की काय? छे, असं कसं होईल? म्हातारा बडबड करतो. त्यांनी बाटली न भरताच नळ बंद केला. बाहेर येऊन धाकटीला फोन लावला.

"उद्या सकाळी सहाला नमुना घ्यायला येते. तुमच्याकडचा नळ मी येईपर्यंत तसाच ठेव."

"हो गं ताई, सगळं माहितीये मला. पण परत कशाला? पास झालोय ना आपण?"

इथे बाईंनी सांगायला हवं होतं. मिठूला त्या नळाचं पाणी देऊ नको, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य म्हणजे स्वतःच्या सहीवर काट मारणं होतं, आणि तीही एका प्लंबरच्या सांगण्यावरून. "सहज, खात्री करायला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. एका रात्रीने काय होणार आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सकाळी सहाला त्या पोचल्या तेव्हा धाकटीच्या स्वयंपाकघरात दिवा होता. गॅसवर भांडं ठेवलेलं, ओटा लख्ख पुसलेला, नळाचं तोंडसुद्धा पुसलेलं. त्याच्या वर हिरवी चिठ्ठी, कडा वाकू नयेत म्हणून धाकटीने तिच्यावर चिकटपट्टी लावली होती.

"बघ, सगळी तयारी करून ठेवलीये," धाकटी हौसेने म्हणाली. "नळ पुसला, आणि दोन मिनिटं सोडूनही दिला. तुझा वेळ वाचावा म्हणून. आता लगेच भर बाटली."

"अगं, मी तुला तसाच ठेव म्हटलं होतं!"

"तसाच म्हणजे तू ठेवतेस तसाच ना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. चला, आजचा दिवस फुकट गेला, आता उद्या पुन्हा. पण त्यांची नजर मोरीवर गेली. मोरी कोरडी होती.

"सोडलेलं पाणी कुठे गेलं?"

"वाया कशाला घालवू? तू पहिल्यांदा नमुना घेतलास तेव्हाच मला वाईट वाटलं होतं, एवढं चांगलं पाणी मोरीत जातंय म्हणून. तेव्हापासून मी रोज तुझ्यासारखंच करते. पहिलं पाणी या पातेल्यात धरते, मिठूच्या पावडरच्या दुधाला. मग पुढचं आमच्या चहाला, स्वयंपाकाला." धाकटीने गॅसवरचं झाकण उचललं. "आणि तू म्हणालीस तसं चांगलं वीस मिनिटं उकळते हं. निम्मं होईपर्यंत. तिच्या बाबतीत मी अजिबात हयगय करत नाही."

उकळून जंतू मरतात. शिसं मरत नाही. पाणी निम्मं होतं आणि शिसं होतं तेवढंच राहतं. हे बाईंना खात्याच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यांनी पातेलं खाली उतरवलं.  एका बाटलीत त्यांनी नळाचं पाणी भरलं, दुसऱ्या बाटलीत पातेल्यातलं, आणि वळून बघितलं. मिठू दारात उभी होती. तिच्या हातात दुधाची बाटली होती, रिकामी.

"तिचं झालंसुद्धा," धाकटी म्हणाली. "आज लवकर उठली."

दुपारी प्रयोगशाळेतल्या केमिस्टचा फोन आला. तो गमतीत होता. "बाई, एक नंबरची बाटली नेहमीसारखी, शिसं दोन-तीनच्या आसपास. दहापर्यंत चालतंच. पण दुसरी कुठून आणलीत? बॅटरीच्या कारखान्यामागच्या नाल्यातून? तीनशे दहा आहे. असलं पाणी झाडालासुद्धा घालू नका." बाईंनी ते आकडे दोन्ही बाटल्यांच्या नावापुढे लिहिले. मग गल्लीतल्या चाळीस घरांना फोन करायला घेतले. पहिला धाकटीला.

चार दिवसांनी मिठूचं रक्त तपासून आलं. रक्तातलं शिसं औषधाने हळूहळू उतरेल, असं मुलांच्या डॉक्टर म्हणाल्या. गेलेले शब्द परत येतील का, यावर त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, बघू.

संध्याकाळी बाई गल्लीतल्या चिठ्ठ्या काढत हिंडल्या. लोक दारात उभे राहून बघत होते, कोणी काही बोललं नाही, आणि त्याचीच बाईंना भीती वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकटीचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथली चिठ्ठी चिकटपट्टीमुळे निघेना. नखाने खरवडावी लागली, तुकड्यातुकड्याने. मिठू ओट्याला टेकून त्यांच्याकडे बघत होती. बाई खाली बसल्या, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं. "मी कोण गं? सांग बघू, मी कोण?" मिठूने ओठ जुळवले. प म्हणायला जुळवतात तसे. मग ते तसेच राहिले, आणि थोड्या वेळाने तिने बोट वर करून नळ दाखवला.

धाकटी मागे उभी होती.  बाईंच्या हातातला चिठ्ठीचा तुकडा तिने घेतला, उलटा करून पाहिला. सही तेवढी शाबूत निघाली होती.

"पण ताई," ती म्हणाली, "मी तर सगळं तुझ्यासारखंच केलं होतं ना?"