कडं कुठं पडलं

दूर दक्षिणेत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात संयुक्ताचं काम म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचा अंदाज काढणं. आजवर तिनं ऑस्ट्रेलियातलं कॅनोला हे तेलबियांचं पीक पाहिलं होतं. यंदा पहिल्यांदाच त्याची चुलत बहीण, राजस्थानातली मोहरी. उभी मोहरी तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिची ओळख फोडणीच्या डब्यापुरती.

तिकडच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीला त्या दिवशी संध्याकाळी तेलगिरणीशी करार करायचा होता. भाव आजचा, माल कापणीनंतर. कापणीला भाव उतरणार असा बाजाराचा रंग होता, म्हणून करार फायद्याचा. पण जितके क्विंटल लिहून दिले, तितके द्यावेच लागणार; कमी पडले तर मंडीतून विकत घेऊन. किती लिहायचे, ते संयुक्ताच्या अंदाजावर ठरणार होतं.

आणि अंदाज निघत होते दोन. शेतातले नमुने म्हणत होते, पीक भरघोस. उपग्रह म्हणत होता, बेताचं.

"शेतातलं तेच खरं, अम्मा," तिचे वरिष्ठ वेंकटरमण म्हणाले. "वरून बघणारा चुकतो. कॉफी घे आणि पाठवून टाक."

कॉफी तिनं घेतली. पाठवलं मात्र नाही. नमुने कुठून घेतले ते ठिपके तिनं नकाशावर मांडले, तर सगळे पंपघरांना खेटून, जिथं पाणी भरपूर. शेतांच्या खोलगट टोकांना, जिथं थंडी साचून पीक मरतं, तिथं एकही नाही.

तिनं अमरसिंहांना फोन लावला. कंपनीतर्फे नमुने त्यांनीच घेतले होते. पद्धत ठरलेली: शेताकडे पाठ करून तारेचं कडं फेकायचं आणि पडेल तिथल्या शेंगा मोजायच्या.

"कडं फेकलंत ना तुम्ही?" तिनं शाळेत शिकलेल्या हिंदीत विचारलं.

"तुझी हिंदी ऐकली की आमचे मास्तर आठवतात," अमरसिंह म्हणाले. मग खरं सांगून टाकलं, "पहिल्यांदा फेकलं. गोठवणाऱ्या थंडीनं मारलेल्या पट्टीत पडलं. बरं नाही वाटलं. उचलून चांगल्या जागी ठेवलं."

"आणि बाकीच्या शेतांत?"

"तिथंही ठेवलं. बेटी, इतक्या लांबून कोणी आमचं शेत बघायला मागतं. पाहुण्याला कोणी करपलेली पोळी वाढतं का?"

संयुक्ताला हसू आलं. तिच्या घरीही पाहुणा आला की सांबारातल्या फोडी त्याच्या ताटात जात आणि घरच्यांना उरे नुसतं पाणी.

"मी पाहुणी नाही हो. मला करपलेलीच वाढा," ती म्हणाली. "आज जास्त लिहून दिलंत, तर उद्या शेतकऱ्यांनाच मोहरी विकत घ्यावी लागेल."

रागावले की काय, असं तिला वाटलं, तेवढ्यात मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारभर फोटो येत राहिले. मधूनच फोन. "बांधावर पडलं. आता?"

"पुन्हा फेका."

"बाभळीत अडकलं."

"काढा आणि पुन्हा फेका."

"माझी सूनसुद्धा मला इतकं राबवत नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या शेताकडे निघाले.

ऊन उतरेपर्यंत दोन्ही अंदाज एकमेकांच्या जवळ आले. संयुक्तानं त्यांतला कमी असलेला आकडा पाठवला.

संध्याकाळी अमरसिंहांचाच फोन आला. गिरणीवाला कुरकुरला, पण कमी मालावर सही झाली. सभेत कंपनीचे शेतकरी सभासद मात्र विचारत होते, सकाळचं भरघोस पीक दुपारी कुठं गेलं?

"मी सांगितलं, कडं मीच ठेवलं होतं."

"उपग्रहावर ढकललं असतंत तरी चाललं असतं."

"मग पुढच्या वर्षी तुझा आकडा कोण खरा धरणार?"

फोन ठेवून संयुक्ता सामान आवरू लागली. वेंकटरमण निघता निघता तिच्या टेबलापाशी थांबले. "काय आला आकडा?"

"कमी, सर."

"आणि तू हसतेयस?"

"एका माणसानं सगळी दुपार उन्हात घालवली, माझा आकडा खरा यावा म्हणून. वर भर सभेत चूकही आपल्याच अंगावर घेतली."

वेंकटरमणनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. "लाव बघू त्यांना फोन," ते म्हणाले. "मलाही बोलायचंय त्यांच्याशी."