पुढच्याचा आवाज

निरंजनने डावा हात हँडलवरून काढला, खाली करून खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि सायकल उजवीकडून काढली. एरवी तो "खड्डा!" म्हणून खणखणीत ओरडला असता, पण सर्दीने घसा असा बसला होता की तोंडातून नुसती हवा येत होती. "आज हातानेच दाखवतो," असं त्याने निघतानाच कुजबुजून सांगितलं होतं आणि कोंडाजीतात्यांनी "चालंल की" म्हणून मानही हलवली होती. दोन पेडल मारतो न मारतो तोच मागे धाडकन आवाज झाला.

वळून बघतो तर तात्या रस्त्यावर आडवे आणि सायकल गवतात.

कोंडाजीतात्या म्हणजे निरंजनचे मारुंजीतले घरमालक. जमीन विकली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि उभा जन्म औतामागे चाललेल्या माणसाला दिवस खायला उठला. परभणीहून नोकरीला आलेल्या निरंजनलाही इथे आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. भाडेकरू रविवारी सायकल काढतो हे पाहून तात्यांनी नातवंडं खेळवायच्या वयात सायकल घेतली, डोक्यावर हेल्मेट चढवलं. आधी पौडपर्यंत, मग मुळशी धरण, आणि आता थेट ताम्हिणी. बापाला कधी सांगितलं नाही ते निरंजनने या माणसाला चढावर धापा टाकत सांगितलं होतं. तक्रार एकच, तात्या कधी पुढे व्हायचे नाहीत.

"वारा मी खायचा, आणि तुम्ही माझ्या आडोशाला!" निरंजन चिडवायचा.

"पाव्हण्याला म्होरं घालावं, आमच्यात तशी रीत हाय," हे ठरलेलं उत्तर.

आता त्याने तात्यांना धरून कडेच्या दगडावर बसवलं. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. त्याने बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं.

"मी हात दाखवला होता की, तात्या."

"दाखवला असंल."

"दिसला नाही?"

तात्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्याच्या दोन बाजूंना झापडांसारखे धरले.

"कडा गेल्यात. काचबिंदू म्हणत्यात. मधलं तेवढं ऱ्हायलंय. तुमचं चाक दिसतं, हात न्हाई दिसत. चाक एकदम बाजूला गेलं तर ते बी हरवतं."

"म्हणजे इतके दिवस..."

"तुमी खड्डा म्हणला की मी वळायचो. म्हस म्हणला की थांबायचो. त्यात काय एवढं?"

निरंजनला घाटातले उतार आठवले, अंगाला चाटून गेलेले ट्रक आठवले. कित्येकदा आपण गंमत म्हणून उगाच ओरडलो होतो, कित्येकदा कंटाळून ओरडलोही नव्हतो. त्याला संताप आला, पण संतापायलाही आवाज लागतो.

"काकूंना ठाऊक आहे?"

"गोजराला? न्हाई. आन् तुमी सांगायचं न्हाई. तिला कळलं तर ती सायकल भंगारात घालंल. मग मी काय करू, निरंजनराव? ओट्यावर बसून भाडेकरू मोजू?"

डोळ्यांतलं गेलेलं परत येत नाही, हे तात्यांनी न सांगताही निरंजनला कळत होतं. त्याने एका रिकाम्या टेम्पोला हात केला. मागे दोघंही सायकली धरून बसले. पौड आल्यावर तात्यांनी विचारलं,

"पुढल्या ऐतवारी घसा सुटंल?"

"सुटेल," तो कसाबसा म्हणाला.

घसा दोन-तीन दिवसांतच सुटला. रविवारी सकाळी तात्या कोपराला पट्टी बांधून, हेल्मेट घालून फाटकाशी हजर. आज स्पष्ट सांगायचं, असं ठरवूनच निरंजन जिना उतरला होता. पण त्यांचा तो उजळलेला चेहरा बघून त्याचं सगळं अवसान गळालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नाही म्हणावं तर या माणसाचं उरलेलं जग आपल्या हाताने बंद करायचं, हो म्हणावं तर एखाद्या वळणावर त्यालाच गमवायचं. त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून कुजबुज बाहेर पडली.

"घसा अजून बसलेलाच आहे, तात्या."

"मग ऱ्हाऊ द्या. घाई कुटं हाय?"

पुढच्या रविवारीही तेच. ऑफिसात दिवसभर मोठ्याने बोलायचं आणि फाटकातून आत येताना आवाज मिटून घ्यायचा. त्याची त्यालाच लाज वाटायची. बिचाऱ्या गोजराबाई रोज ज्येष्ठमधाचा काढा घेऊन जिना चढायच्या. "लवकर बरं व्हा भाऊ, ह्यांचं कशात ध्यान लागंना," म्हणायच्या. तो मान खाली घालून काढा प्यायचा.

अशाच एका रविवारी सकाळीच आईचा फोन आला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तो नेहमीसारखा ओरडून ओरडून बोलला. गावाकडची ख्यालीखुशाली झाली, फोन ठेवला आणि त्याने दार उघडलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर तात्या बसले होते. हेल्मेट मांडीवर. किती वेळ बसले होते कोण जाणे. दार पातळ, आणि त्या माणसाचे कान तर फार तिखट.

निरंजनचा चेहरा पडला.

"तात्या, मी..."

आवाज खणखणीत आला. तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"नका बोलू," ते हलकेच म्हणाले. "घशाला ताण पडंल."

आणि भिंतीकडे सरकून त्यांनी त्याला पायरीवर बसायला जागा करून दिली.