काचणारा पट्टा

आमचे हे गाड्यांची सीट कव्हरं शिवतात आणि मी शेजारच्याच गॅरेजात गाड्या खोलते. माझ्या पहिल्या ड्रॅग रेससाठी, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, गाडी आतून सजवायची नव्हती, सोलायची होती. मागची सीट, गालिचा, छताचं अस्तर, सगळं मी उपटून काढलं. गाडी उलटली तर जीव वाचावा म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला, आग विझवायचा सिलिंडर बोल्टने आवळला. हे दारात उभे राहून हळहळत होते. "अगं, निदान गालिचा तरी राहू दे!"

शेवटी हेल्मेट आपटेल तिथल्या नळ्यांना नियमातलं पॅडिंग बसवायचं काम त्यांना दिलं. त्यांनी ते इतकं चापूनचोपून बसवलं, की मी खूश होऊन पाठ फिरवली. तिथेच चुकले.

रेसच्या सकाळी तपासणीच्या रांगेत दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. रेसच्या सीटबेल्टच्या खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्यांना जांभळ्या मखमलीचे गलेफ! कडेने दुहेरी टीप.

"हे काय?"

"सरप्राइज," हे म्हणाले.

तपासनीस बाई टॉर्च घेऊन आत वाकल्या. पिंजरा, पॅडिंग, सिलिंडर सगळं पसंत पडलं. मग पट्ट्यांपाशी थांबल्या. "पट्ट्यांच्या मुदतीचं लेबल कुठाय?"

"आत आहे," हे अभिमानाने म्हणाले. "बाहेर लोंबत होतं. बरं दिसत नव्हतं."

या माणसाला लोंबणारा दोरासुद्धा बघवत नाही. पाहुण्यांच्या शर्टाचं लेबल कॉलरबाहेर आलं तरी हे बोटाने आत सारतात.

"ही मखमल काडी लावली तर भपकन पेटेल," बाई म्हणाल्या. "ती काढा. आणि शिवताना पट्ट्याला सुई लागली असेल, तर पट्टा बाद. आज गाडी ट्रॅकवर उतरणार नाही."

दुसरे पट्टे नव्हते. या एका दिवसासाठी मी किती रविवार गाडीखाली काढले होते!

"अहो, सुई लावलीत?"

"पट्ट्याला? वेडी आहेस का?" हे माझ्यावरच उखडले. "मध्ये पत्रा धरून शिवलंय. तुझा जीव बांधायचाय त्याने!"

खिशातून छोटी सुरी काढून ते आपलीच टीप उसवायला बसले. चेहरा असा, की मलाच बघवेना. बाईंनी उघड्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, उलट आणि सुलट. एक भोक नाही. लेबल वाचलं, मुदत बाकी होती. काचेवर पास झाल्याचा स्टिकर लागला.

"शिलाई मात्र सुरेख हो," जाताजाता बाई म्हणाल्या. हे लगेच फुलले.

"पण शिवलंत कशाला?" मी विचारलं.

"रोजच्या गाडीचा पट्टा काचतो तुला. संध्याकाळी मानेपाशी लाल वळ दिसतो. म्हटलं..."

मला यांचं इतकं प्रेम आलं! मी हेल्मेट चढवलं. पट्टे त्यांनीच ओढले.

"घट्ट झाले?"

"अजून ओढा."

हिरवा दिवा लागला आणि गाडी सुटली. पाठ सीटला चिकटली, मी आत एकटीच बेंबीच्या देठापासून ओरडत होते. शेजारची गाडी मागे राहिल्याचं थांबल्यावर कळलं.

हे धापा टाकत आले. जिंकलीस वगैरे काही नाही. "काचलं का गं?"

"काचलं! खूप काचलं!" रेसच्या सूटची चेन खाली ओढून मी दोन्ही बाजूंचे लालभडक वळ दाखवले.

त्यांनी खिशातून उसवलेली मखमल काढून माझ्या मानेभोवती गुंडाळली. चहूबाजूंनी दोरे लोंबत होते. मी ते आत सारायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"लोंबू दे," हे म्हणाले.