गोळी लागल्यावर

क्योतोच्या स्टुडिओत कुझुमी इवाकिची सतरा वर्षं मरत होता. सामुराईंच्या चित्रपटांत नायकाच्या तलवारीखाली जी माणसं पटापट पडतात, त्यांतला तो एक. वार बसला की कमानीसारखा मागे वाकायचा, एका पायावर गिरकी घ्यायचा आणि मग आडवा व्हायचा. नवशिके नट ते बघायला मुद्दाम थांबायचे.

पुढे तलवारीचे चित्रपट चालेनासे झाले. लोकांना गुंडांच्या टोळ्या हव्या होत्या, पिस्तुलं हवी होती. इवाकिचीच्या अंगावर किमोनोऐवजी ढगळ कोट आला.

पहिल्याच गोळीला तो गिरकी घेऊन पडला. सगळे खो-खो हसले.

"इवाकिचीकाका, नाच कसला करताय!" तरुण दिग्दर्शक नामेकाता ओरडला. "गोळी लागलेला माणूस असा पडतो होय?"

"नाही पडत."

"मग? तुम्ही तर चीनमध्ये लढाईवर होतात म्हणे. पाहिलं असेल की!"

इवाकिची पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तिथलं त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला गिरकी नव्हती. पायातलं बळच गेल्यासारखा तो जागच्या जागी बसला. तोंड उघडं, काही विचारायचं राहून गेल्यासारखं. मग कुशीवर कलंडला. चीनमधल्या खंदकात त्याच्या शेजारी भात खाता खाता त्याचा सोबती ओगाता असाच पडला होता.

आता कुणी हसलं नाही. नामेकाता धावत आला. "वा, काका! हेच हवं होतं. आता जवळून चेहरा घेऊ. पुन्हा एकदा."

"साहेब, तलवारीनं हवं तितक्यांदा मारा. हे पुन्हा नाही जमायचं."

"अहो, आत्ता जमलं की!"

"जमलं म्हणूनच."

त्यानं कोट काढून ठेवला आणि भर दुपारी घर गाठलं. त्याची बायको तोकिए मुळा चिरत होती. "लवकर आलात? आज तुम्हाला मारायला कुणी मिळालं नाही वाटतं?"

तो तिच्यासमोर बसला आणि पहिल्यांदाच ओगाताबद्दल बोलला. तिनं सुरी खाली ठेवली.

"त्याच्या घरी कळवलंत?"

"तुला काही झालं तर आईला भेटून सांगेन, म्हणालो होतो त्याला. धीरच झाला नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीनं ओगाताच्या गावी गेली. ओगाताची भावजय दारात आली. सासू दोन वर्षांपूर्वीच गेली, म्हणाली. शेवटपर्यंत विचारायची, त्याच्याबरोबरचं कुणी आलं का म्हणून.

इवाकिचीनं मान खाली घातली. आत या, असं ती दोनदा म्हणाली, पण त्याला उंबरा ओलांडवेना.