सातशे बावीस नंबर

जमुनाचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात, दवाखान्याच्या टेबलाशी तिला बसवलं ते त्या अक्षरामुळेच, असं डॉक्टर म्हणत. खरं तर बसवलं ते सुकाची मुलगी म्हणून. सुका गोदामात सोळा वर्षं सोड्याची पोती पाठीवरून वाहत होता, आणि पोरीसाठी साहेबांच्या दारात चार वेळा जाऊन उभा राहिला होता.

काम सोपं होतं. डॉक्टर चिठ्ठीवर दुखणं लिहीत आणि जमुना एका जाड पुस्तकातून त्याचा नंबर शोधून रजिस्टरात चढवी. प्रत्येक दुखण्याला नंबर असतो याचं तिला पहिल्या महिन्यात नवल वाटलं. पुढे ते पाठच झाले. कंबरेचे दोनच कामाला येत. आठशे सत्तेचाळीस म्हणजे इजा, कामावर झालेली. सातशे बावीस म्हणजे मणक्यांमधल्या चकतीची झीज, वयाची. इजावाल्याला हलकं काम मिळे, झाडू मारण्याचं नाहीतर गेटवर बसण्याचं. झीजवाल्याच्या हाती पंधरा दिवसांत ‘कामास अपात्र’ असं पत्र पडे. टेबलाच्या काचेखाली नियम टाईप करून सरकवलेला होता: अपघाताच्या वहीत नोंद नाही आणि वय पंचेचाळीसच्या वर, तर झीज.

वर्षभरात जमुनाने एकोणीस जणांना सातशे बावीस लावला होता.

“जमुनाबाय, जपून लिव गं,” गोदामातला देवू दारातून डोकावून म्हणायचा. “तुज्या पेनानं मानूस एका रेघेत म्हातारा होतो.”

ती हसायची. तिला ते विनोदीच वाटायचं.

कारखान्याच्या गेटावर एक हिरवी पाटी होती. ‘अपघाताविना दिवस’ असं लिहिलेलं आणि खाली खडूने रोज वाढणारा आकडा. तीनशे पासष्ट झाले की पटावरच्या प्रत्येकाला तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळणार होता. त्या डब्यावर सगळ्यांच्या बायकांचे डोळे लागले होते. जमुनाची आई लाडकी तर त्यासाठी फळीवर जागा करून बसली होती.

आकडा तीनशे एक असताना सुका पडला. ट्रकला लावलेली फळी ओली होती. तो खाली कंबरेवर आणि पोतं त्याच्या अंगावर.

“क्या बुढ्ढे, फळी पे नाचता है?” ट्रकवरचा ड्रायव्हर ओरडला. सगळे हसले. मग देवूने पोतं बाजूला केलं.

“सुका, पाय हलव. हलतात ना? मंग काय झाला नाय.”

“उठवत नाय रं.”

“उठ. वहीत लिवला तर पाटीवर पुन्ना शून्य. अडीचशे घरांचे डबे तुज्या कंबरेखाली चेपतील, मेल्या.”

सुपरवायझरला काही लपवावंच लागलं नाही. टोळीतल्या दहा जणांनी सुकाला धरून उभं केलं, पँटवरचा सोडा झटकला आणि संध्याकाळपर्यंत त्याची पोती आपसांत वाटून घेतली. सुकाला ते प्रेमच वाटलं.

घरी पाड्यावर लाडकीने त्याच्या कंबरेला मोहाचं तेल चोळलं. तो दातावर दात दाबून पालथा पडला होता. जमुना जवळच बसली होती. काचेखालचा नियम तिला तोंडपाठ होता, आणि कारखान्याच्या कार्डावरचं बापाचं वयही.

“बा, दोन महिने कळ काढ,” ती म्हणाली. “आईला डबा होईल.”

कळ काढून काढून त्याने बेचाळीस दिवस काढले. त्रेचाळिसाव्या दिवशी डावा पाय उचलेना, तेव्हा देवूने त्याला दवाखान्यात आणून स्टुलावर बसवलं. डॉक्टरांनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला.

“चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे काही उरलंच नाही. झीज. लिही.”

“सर, ते पडले होते.”

“वहीत आहे?”

“नाही.”

“मग पडले नाहीत. वय?”

“कार्डावर सेहेचाळीस आहे,” जमुना म्हणाली, “पण खरं अडतीस, सर. माझी आजी सांगायची, स्वराज्य आलं त्यानंतरच्या चौथ्या पावसाळ्यात बा झाला. भरतीच्या वेळी पाड्यावरचे अकरा जण होते, कोणाला वय सांगता आलं नाही, तर मुकादमाने सगळ्यांपुढे तीस लिहिलं.”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. ते चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत.

“म्हणजे कार्ड खोटं. खोट्या कार्डावर सोळा वर्षं नोकरी. तसं कळवू वर? मग त्याच्या शब्दावर लागलेल्या मुलीचंही कळवावं लागेल. तू सांग. हुशार आहेस.”

सुका शर्ट वर करून तसाच बसला होता. उघड्या पाठीवर पोत्यांच्या घट्ट्यांची काळी पट्टी दिसत होती.

“लिव गं पोरी, म्हातारा लिव,” तो म्हणाला. “तुजी खुर्ची राहू दे.”

“बघ, पेशंट समंजस आहे,” डॉक्टर म्हणाले.

जमुनाने लिहिलं. सात, दोन, दोन. दोन्ही दोन सारखे आले.

“वा! असं अक्षर आपल्या मुंबईच्या ऑफिसात नाही.”

बावीस दिवसांनी पाटीवर तीनशे पासष्ट लागले. पेढे वाटले, फोटो निघाले. सुकाचं नाव आदल्याच आठवड्यात पटावरून उतरलं होतं. जमुना पटावर होती. तिला डबा मिळाला.

“सुकाला सांग, आमी आठवन काढली,” देवू म्हणाला.

लाडकीने डबा फळीवर ठेवला. पुढच्या पावसाळ्यात सुकाचं उठणं बंद झालं, तेव्हा तिने खालचा पूड काढून त्याच्या अंथरुणाशी ठेवला. झाकण घट्ट बसायचं, वास बाहेर येत नसे. कामावर जाण्यापूर्वी तो धुण्याचं काम जमुनाचं. दोन वर्षं तिने तो रोज राख लावून घासला. चकचकीत राहिला.

शेवटी पाठीला जखमा होऊन त्यात सुका गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

ग्रामसेवकाने मृत्यूचं रजिस्टर उघडलं आणि शेजारी रेशनकार्ड ठेवलं. कार्डावरचं वय कारखान्याच्या कागदावरून आलेलं होतं. जमुना समोर उभी होती.

“वय एकोणपन्नास,” तो स्वतःच वाचून लिहीत म्हणाला. “कारण काय लिहू?”

“पडले होते,” जमुना म्हणाली.

“कधी?”

“तीन वर्षांपूर्वी.”

“कुठे नोंद?”

त्याने पेन पुढच्या रकान्यावर टेकवलं.

“मग वार्धक्य लिहितो. तुमच्यात लवकरच म्हातारे होतात.”

त्याने लिहिलं. अक्षर गिचमिड होतं, रकान्याच्या रेघेवर चढलेलं. त्याने रजिस्टर मिटायला घेतलं, तेवढ्यात जमुनाचा हात आपोआप पुढे झाला आणि बोट एका रिकाम्या चौकोनावर टेकलं.

“भाऊसाहेब,” ती म्हणाली, “तारीख राहिली.”