शेऱ्याचा रकाना

"कुलूप जागच्या जागी आहे हो ताई, त्याला साधा ओरखडासुद्धा नाही. घर तेवढं काल रिकामं झालंय," फोनवरचा माणूस म्हणाला. तो ओरडत नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

कुलपांच्या दुकानातल्या ताईंनी नाव, मजला, तारीख लिहून घेतली. एकोणीस वर्षं काउंटरवर बसून हाताला वळणच तसं पडलं होतं: आधी लिहायचं, मग घाबरायचं. तीन आठवड्यांतली ही चौथी चोरी. चारही घरांना कुलपं याच दुकानाची, चारही न फोडता उघडलेली आणि चारही एकाच माणसाने बसवलेली.

तो माणूस म्हणजे दुकानाचे जुने मिस्त्री. सगळे त्यांना काका म्हणत. सकाळी नऊपासून ते पोलीस चौकीत बसून होते.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ताई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही जाऊन बोला ना."

दुकानाचे मालक, भाऊ, किल्ल्या कापायच्या मशीनवरचा पितळी चुरा ब्रशने झाडत होते. झाडून झालेलं पुन्हा झाडत होते.

"काय बोलू? ते विचारतात, कुलपाचे नंबर कुणाला माहीत? म्हटलं, दुकानातल्या तिघांना. त्यातल्या दोघांना तर धड स्क्रूसुद्धा पिळता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला वाटतं, काकांनी…"

"मला काही वाटत नाही ताई. वाटायचं बंद झालंय माझं."

त्या दुकानातल्या प्रत्येक कुलपाबरोबर एक छोटं कार्ड येई आणि त्या कार्डावर नंबर असे. तो नंबर किल्ल्या कापायच्या कुठल्याही मशीनला दिला की मूळ किल्ली समोर नसतानाही हुबेहूब तशीच किल्ली कापून मिळे. गिऱ्हाईक कार्ड हरवणार हे ठरलेलं, म्हणून दुकान नंबर जपून ठेवी. भाऊंच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत अशी होती: नंबरांची वही काउंटरच्या खणात, तिच्यात पत्ता नाही. पत्त्यांची वही मिस्त्रीच्या हत्यारांच्या पिशवीत, तिच्यात नंबर नाही. किल्ली हरवल्याची तक्रार आली तरच दोन्ही वह्या एका टेबलावर यायच्या, तेही दोन माणसं समोर असताना. काका म्हणायचे, "सासू-सुनेसारखं आहे. नांदतील एका घरात, पण एका खोलीत कोंडू नका."

दोन वर्षांपूर्वी काकांना मोतीबिंदूमुळे वहीतलं दिसेनासं झालं. जिन्यात उभं राहून ते दिवसातून दहादा ताईंना फोन करत. "ताई, हे सहा आहे का नऊ?" शेवटी ताईंनी महिनाभर घरी संगणक नेऊन दोन्ही वह्यांची एक यादी केली. नाव, पत्ता, मजला, फोन, बसवल्याची तारीख, कुलपाचा नंबर आणि शेवटी शेरा. यादीची लिंक त्यांनी काकांच्या फोनवर पाठवून दिली. अक्षर हवं तेवढं मोठं करता येई. काका मजल्यापर्यंत वाचत आणि फोन खिशात टाकत. उजवीकडे सरकवून पुढचे रकाने त्यांनी कधी पाहिलेच नाहीत.

त्या दुपारी ताईंनी चोरीच्या चारही दिवसांची कामं छापून काढली. काका कुठल्या वेळी कुठे होते, मिनिटासकट. हातच्या कंकणाला आरसा कशाला! कागद घडी न पडू देता पिशवीत ठेवून त्या चौकीवर गेल्या.

काका आतल्या बाकावर बसले होते. हत्यारांची पिशवी कुणीतरी काढून घेतली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. ताईंना पाहून ते उभे राहिले आणि परत बसले.

तपास करणाऱ्या मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी कागद नीट वाचले, दोनदा.

"छान ठेवलंय तुम्ही. कशात ठेवता हे?"

"कॉम्प्युटरवर. सगळं एका जागी."

"पासवर्ड?"

"आहे की! रोज बंद करताना मी स्वतः बघते. कुठे लिहूनसुद्धा ठेवलेला नाही," ताईंनी ठासून सांगितलं. जरा अभिमानानेच.

"मग काका बाहेर असले की त्यांना पत्ता कसा कळतो?"

"लिंक दिलीय ना त्यांना. बोट ठेवलं की यादी उघडते."

"नुसतं बोट ठेवलं की? काही विचारत नाही?"

"विचारायची. पण त्यांना ते दर वेळी पासवर्ड टाकणं जमेना. मग मी ते काढून टाकलं. त्यात असतो ना एक पर्याय, लिंक ज्याच्याकडे असेल त्या कुणालाही…"

वाक्य तिथेच राहिलं. आपण काय बोलतोय ते ताईंनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"मला पाठवा," मॅडम म्हणाल्या.

ताईंनी पाठवली. मॅडमचा फोन वाजला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि फोन दोघींच्या मध्ये टेबलावर धरला. या बाईंनी दुकानाचा उंबरासुद्धा पाहिलेला नव्हता, आणि श्वास घेऊन सोडायच्या आत तीनशे अकरा घरं त्यांच्या हातात उघडली. मॅडमनी यादी उजवीकडे सरकवली. पत्ता. मजला. नंबर. मग शेरा.

*दिवसा घरी कोणी नाही, सहानंतर जावे.*

*आजी एकट्या. ऐकू कमी येते, बेल जास्त वेळ वाजवावी.*

*दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीकडे असतात, आधी फोन करावा.*

*कुत्रा आहे, पण बांधलेला असतो. घाबरू नये.*

काकांची खेप फुकट जाऊ नये, म्हणून लिहिलेलं सगळं, आणि काकांनी कधी न वाचलेलं. 'जावे', 'वाजवावी', 'घाबरू नये'. ताईंना स्वतःचं अक्षर नसलेली स्वतःची भाषा दिसत होती, आणि ती कुणा भलत्यालाच रस्ता समजावून सांगत होती. चोरी झालेली चार घरं मॅडमनी एकामागून एक काढून दाखवली. चारही घरांपुढे एकच वाक्य होतं, दिवसा घरी कोणी नाही. शेवटी कुठेही पूर्णविराम सुटलेला नव्हता.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं म्हणतात. इथे किल्ल्या तर होत्याच, वर जामदारखाना कधी मोकळा असतो तेही लिहून दिलं होतं.

ताईंनी छापून आणलेले कागद टेबलावरून उचलून परत पिशवीत ठेवले.

"काकांशिवाय कुणाला पाठवली होती?" मॅडमनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"एका बदली मिस्त्रीला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा आठ दिवस आला होता. बरा होता माणूस."

बदली मिस्त्रीला तिथूनच फोन लागला. तो बिचारा काहीच लपवत नव्हता. त्या आठ दिवसांत एक गल्ली सापडेना, म्हणून त्याने लिंक कारागिरांच्या एका ग्रुपवर टाकली होती आणि विचारलं होतं, हा पत्ता कुणाला माहीत आहे का. ग्रुपात ब्याण्णव माणसं होती. त्यांतल्या एकाने त्याला गल्लीसुद्धा सांगितली होती.

"चोर त्यांतला असेल किंवा त्यांतल्या कुणाच्या ओळखीचा," मॅडम म्हणाल्या. "छडा लागेल. काकांना घेऊन जा तुम्ही. आणि लिंक आत्ता, माझ्यासमोर बंद करा."

ताईंनी बंद केली. दोनदा तपासली.

"म्हणजे आता कुणाला दिसणार नाही?"

"नव्याने कुणाला दिसणार नाही. ज्याने यादी उतरवून घेतली, त्याच्याकडून ती परत घेता येत नाही ताई."

बाहेर पायरीवर काका पिशवीतली हत्यारं मोजत होते. ताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुढचं सांगणं झालं नसतं.

काकांनी पेचकस पिशवीत ठेवला.

"नंबर आणि पत्ता? एका पानावर?"

"हो."

"आणि मी दोन वर्षं ते पान खिशात घेऊन फिरलो?"

"हो काका."

काकांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. मग म्हणाले, "सकाळपासून ते विचारत होते, आणि मी शपथेवर सांगत होतो, आमच्या दुकानात असं होऊच शकत नाही म्हणून. चार वेळा सांगितलं."

दुकानात भाऊंनी ऐकून घेतलं आणि शटर अर्धं खाली ओढलं, दुपारी चार वाजता.

"हे बघा ताई. झालं ते झालं. चार घरांची मी माफी मागतो, काय द्यायचं ते देतो. पण बाकीच्यांना कशाला घाबरवायचं? उद्या गावभर झालं तर आपल्याकडे कुलूप घ्यायला कोण येईल? तुमची नोकरी, काकांची नोकरी…"

"भाऊ, तीनशे सात राहिलीत. त्या घरांत कोण कधी नसतं ते मी लिहिलंय. माझ्या हाताने."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत का?"

"चोराला त्याचं काय?"

भाऊंनी शटरकडे पाहिलं, मग मागच्या फळीकडे. फळीवर कुलपांच्या आतल्या सिलिंडरचे खोके होते. दारावरचं कुलूप तेच ठेवून फक्त आतला सिलिंडर बदलला, की जुनी किल्ली निकामी होई.

"एका दिवसात किती होतील काका?"

"डोळा साथ देईल तेवढे. दहा. बारा."

स्टुलावर चढून भाऊंनी पहिला खोका खाली काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी फोन हातात घेतला. काय बोलायचं ते त्यांनी घरी कागदावर तीनदा खोडून लिहिलं होतं: मी कुलपांच्या दुकानातून बोलते आहे. तुमच्या कुलपाचा नंबर बाहेर फुटला आहे. चूक माझी आहे. आमचा माणूस येऊन कुलूप मोफत बदलून देईल, घरी कधी असता ते सांगा.

पहिल्या गिऱ्हाइकाने शेवटच्या वाक्याला फोन ठेवला.

दुसरा म्हणाला, "कधी घरी असता म्हणे! वा! सगळं मीच सांगतो, वेळ, मजला, आणि चहा करून ठेवू का येणाऱ्याला?"

तिसऱ्या बाई समजूतदार होत्या. "अहो, कालच पोलिसांचा मेसेज आलाय सगळ्यांना. कुलूपवाल्याचं नाव सांगून कुणी फोन केला तर विश्वास ठेवू नका. तुमचा आवाज चांगल्या घरातला वाटतो हो, कशाला असले धंदे करता?"

ताई हो म्हणाल्या, सॉरी म्हणाल्या. बाईंचं काही चुकत नव्हतं. एकोणीस वर्षांत ज्या आवाजाला लोक फोनवर लगेच 'बोला ताई' म्हणत, तो आवाज आता अगदी हुबेहूब चोरासारखा होता. दुपारपर्यंत साठ फोन झाले. हो म्हणणारे नऊ.

"उठा," काका म्हणाले. "तोंड दाखवल्याशिवाय होणार नाही हे."

मग दोघं निघाले. काकांच्या खांद्यावर हत्यारं, ताईंच्या हातात खोका. जिने, लिफ्ट, पुन्हा जिने. कुणी शिव्या दिल्या, कुणी शेजाऱ्यांना बोलावलं, एका गृहस्थाने दोघांचे फोटो काढून ठेवले. एका घरी दार उघडलं तर आत दुसऱ्याच दुकानाचा मिस्त्री कुलूप बसवत होता. त्याने काकांना ओळखलं आणि मान खाली घातली.

पाचव्या दिवशी ते एका परिचारिकेच्या दाराशी पोचले. मागे कुलूप बसवताना ही बाई काकांना घरात एकटं सोडून कामावर गेली होती. 'झालं की ओढून घ्या,' एवढंच म्हणाली होती. आज दार साखळीइतकंच उघडलं. तिने चौकीत फोन लावून खात्री करून घेतली, तोवर दोघं पायपुसण्यावर उभे राहिले. मग साखळी निघाली.

काकांनी काम सुरू केलं. ती हाताची घडी घालून त्यांच्या बोटांकडे पाहत राहिली, पूर्ण वीस मिनिटं. काकांचा स्क्रू एकदा खाली पडला. उचलायला ती वाकली नाही, ताई वाकल्या.

"बसलं," काका म्हणाले. "आता किल्ल्यांचं पाकीट तुम्ही फोडा. मोहोर बघून घ्या."

परिचारिकेने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि थांबली. पाकिटात किल्ल्या होत्या, आणि किल्ल्यांबरोबर नंबराचं कार्ड. ती ताईंकडे पाहत होती. 'तिकडे बघा' असं तोंडाने म्हणवत नव्हतं तिला, माणूस म्हणून चांगली होती.

ताईंनी खोका खाली ठेवला आणि जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काकाही वळले. मागे कागद फाटल्याचा आवाज झाला, किल्ल्या वाजल्या, आणि मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. जिन्याच्या भिंतीवर पाण्याचे पाइप होते. ताई ते वरून खाली बघत राहिल्या.

"झालं," मागून आवाज आला. "वळा आता."

पण त्या वळल्या, तोपर्यंत दार लागलं होतं.