अंबट भाजीची कल्चट्टी

मी एक जुनी कल्चट्टी आहे, मित्रांनो, आणि हल्ली माझ्यात मीठ ठेवतात. कल्चट्टी म्हणजे दगडाचं भांडं. मिठाबद्दल माझी तक्रार नाही. पण एके काळी तंजावरच्या या घरात वसंत ऋतू माझ्यातच शिजायचा, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म सेलमकडच्या खाणीतला. दगड मऊ, म्हणून कारागिराने मला चरकावर धरून कोरलं. पुढे एका बैलगाडीतून मी तंजावरच्या बाजारात आले. तिथे नवी नवरी चंद्रमती आपल्या सासूबरोबर आली होती. तिने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली, "हीच होणा मज." सासू हसली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

आमच्या जातीचं एक वेड आहे. आम्हाला एकदम आगीवर चालत नाही. आधी आठवडाभर रोज कोमट कंजी, म्हणजे भाताची पेज, पाजायची, आतून हाताने गोल गोल चोळायची, मग मंद निखारा दाखवायचा. असे लाड करून घेतले की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. वर्षभर माळ्यावर पडून राहिलो की मात्र पुन्हा पहिल्यापासून. चंद्रमती दर वर्षी तमिळ मासी महिना लागला की मला खाली काढायची आणि कंजी पाजायची. त्यापुढच्या पंगुनी महिन्यात, ऐन वसंतात, कोवळी कीरै, म्हणजे पालेभाजी, बाजारात यायची, नवी चिंच यायची, आणि मग माझ्यात अंबट भाजी शिजायची. आंबट, हिरवीगार, पीठ लावून दाट केलेली, वर मोहरी-मेथीची फोडणी. चंद्रमतीचे यजमान राजगोपालराव कचेरीतून आले की दारातच विचारायचे, "आज दगडाची भाजी का?" स्वतः मात्र त्यांनी कधी चुलीकडे पाहिलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक वर्षा. पाटावर बसून बोटं चाटायची आणि शेवटचा घास माझ्या तळातून पुसून घ्यायची. पुढे ती शिकली आणि मद्रासला कंप्यूटरच्या नोकरीत लागली. ते दिवसच तसे होते. गल्लीच्या तोंडाशी पिवळा एसटीडी बूथ आला, गच्च्यांवर केबलच्या तारा आल्या, स्वयंपाकघरात गॅस आणि कुकर आला. चंद्रमतीने माझ्यासाठी मागच्या अंगणातली कोळशाची चूल तेवढी राखली.

रविवारी ती बूथवर जाऊन लेकीशी बोलायची. परत आली की भाजी निवडता निवडता स्वतःशीच पुटपुटायची. "कल्चट्टीचं सांगायला लागले, तर म्हणे मीटर पळतो अम्मा, मग सांग." मग काय, "मग" काही आलं नाही.

एका पोंगलनंतर चंद्रमतीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वर्षा रजा टाकून धावत आली. तिने कुकरमध्ये मऊ भात केला, सूप केलं, काय काय केलं. चंद्रमती तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर ही उठायची नाही. राजगोपालराव दारात नुसते उभे राहायचे.

तेव्हा वर्षाला माझी आठवण झाली. पंगुनी लागला होता. बाजारातून ती कीरै घेऊन आली, माळ्यावर चढली आणि तिने मला खाली काढून धुतलं. "अम्मा, आज अंबट भाजी करते. तुझ्या कल्चट्टीतच." चंद्रमतीची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचे डोळे लकाकले. मग वर्षाने गॅस पेटवून मला त्यावर ठेवलं, आणि ते डोळे विस्फारले.

मी कोरडी ठणठणीत होते. वर्षभर कंजीचा थेंब नव्हता. मला ठाऊक होतं, चंद्रमतीला ठाऊक होतं, आणि दोघीही मुक्या. चंद्रमतीने डावा हात उचलला आणि हवेत गोल गोल फिरवला, जसं आतून चोळावं तसं. घशातून आवाज काढला. पुन्हा हात फिरवला.

"काय पाहिजे तुज, अम्मा? हात धुवायचा? सरि, सरि."

वर्षाने ओला पंचा आणला. आईचा हात मायेने, बोटन्‌बोट पुसला आणि मांडीवर ठेवून दिला. मग चिरलेली कीरै माझ्यात टाकली, उशीर नको म्हणून आच मोठी केली आणि वरून चिंचेचं गार पाणी ओतलं.

मी तडकले. मित्रांनो, मी खूप धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण दगडाच्या हातात काय असतं? भाजी गॅसवर सांडली आणि ज्योत विझली. माझ्या कुशीत घासभर उरली, अर्धी कच्ची. वर्षाने तीच बोटांनी काढून आईला भरवली. आणि चंद्रमतीने ती खाल्ली. किती दिवसांनी तिने घास गिळला.

मग तिने डावा हात पुढे करून मला मागितलं. वर्षाने मला तिच्या मांडीवर ठेवलं. शेजारी तिच्यासाठी केलेली भाताची पेज निवत होती. चंद्रमतीने तीत बोटं बुडवली आणि माझ्या चिरेवरून गोल गोल फिरवली. हळूहळू, जशी दर वर्षी फिरवायची.

वर्षा पाहत राहिली. "कंजी? आधी कंजी लावायची होती?" चंद्रमतीने डोळे मिटून हो म्हटलं. "तू सांगत होतीस, अम्मा. आणि मी तुझा हात पुसला."

पुढच्या पंगुनीला चंद्रमती नव्हती. वर्षाने नवी कल्चट्टी आणली आहे. तिला ती आठवडाभर कंजी पाजते, अगदी नेमाने. पण त्यापुढचं तिला कोणी सांगितलेलं नाही. भाजी करताना ती मीठ घ्यायला माझ्यात हात घालते आणि सवयीने विचारते, "पीठ आधी लावू, की चिंच, अम्मा?"

तुमच्या घरी कोणी असं काही सांगू लागलं, तर मित्रांनो, "मग सांग" म्हणू नका. तेव्हाच ऐका.

चिंच आधी, वर्षा. चिंच आधी, आणि ती उकळल्यावर पीठ. मी रोज सांगते. ती मीठ घेते आणि झाकण लावते.